मी पुढे सरकवलेली चिठ्ठी

मागच्या महिन्यात तुमच्यातल्या थोरलीने फोनवर विचारलं, “आजी, प्रार्थनेला बसावं आणि पलीकडे कोणीच नाही असं वाटावं, असं तुला कधी झालं होतं का?” मी म्हटलं, लिहून कळवते. ती हसली. माझ्याकडून सगळं लिहूनच मिळतं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे लिहायला मला पाच आठवडे लागले. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा वाचून पाहिलं तर शाळेतल्या प्रार्थनासभेत मुलींना सांगावं तसं झालं होतं. ते फाडून टाकलं.

तर, हो. झालं होतं. तुमचे बाबा नोकरीसाठी नुकतेच बंगळूरला गेले होते आणि तुमच्यापैकी कोणाचाही जन्म झालेला नव्हता, तेव्हाची गोष्ट.

माझं माहेर नगरकडचं. लग्न होऊन तंजावरला आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. सासरी मराठी होती, पण माझ्या मराठीहून जुनी आणि तमिळ हेल काढून बोललेली. सासऱ्यांच्या आजोबांनी इथे बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून घरात माणसांशी बोलणं मराठीत आणि देवाशी बोलणं तमिळमध्ये, अशी वाटणी झाली होती. चर्चला मात्र सगळे देऊळच म्हणत. मीही म्हणायला लागले. तमिळ लिहायला शिकले, आणि अक्षर बरं म्हणून देवळाच्या स्त्री-मंडळाची चिटणीस झाले ती वीस वर्षं तशीच राहिले.

तुमचे आजोबा शेतकी खात्यात होते. पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंत भाताच्या बांधांवरून चालण्यातच त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही सकाळी तिरुवैयारूच्या रस्त्याने तीन मैल जाऊन येत. साखरेचा विकार होता, पण चालण्याने तो ताब्यात आहे असं ते सगळ्यांना सांगत. डॉक्टरांनाही तेच सांगत.

सप्टेंबरात देवळात कापणीचा सण असतो. लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणून देतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. लिलाव पुकारण्याचं काम आजोबांचं. त्या वर्षी एका कोंबड्यावरून दोघांची चढाओढ लागली. आजोबा काही तो सोडायला तयार नव्हते. “अहो, एवढ्या किमतीत हा पहाटे स्तोत्र म्हणून उठवेल!” असं काहीतरी ओरडत होते आणि सगळं अंगण हसत होतं. चपला बाहेर काढलेल्या होत्या. सिमेंटच्या तापलेल्या फरशीवर ते तासभर अनवाणी उभे होते. साखरेच्या माणसाच्या तळव्याला चटका कळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी पाय धुताना मी पाहिलं, उजव्या तळव्याला बोटांच्या बुडाशी रुपयाएवढा फोड आला होता.

तो फोड फुटला आणि भरला नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. मी वहीत रोज लिहीत असे: साखर किती, जखम केवढी, रंग कसा. दोन वेळा पट्टी बदलत असे. घरात आम्ही दोघं आणि आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. त्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या होत्या आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत असे. “वही लिहून जखम भरते कां गं?” त्या मला विचारत. मग स्वतःच पट्टीचं कापड उकळायला ठेवत.

माझं आतलं काहीतरी त्याच महिन्यांत गेलं. मोठ्या दुःखाने गेलं असतं तर समजलं असतं. पण ते असं गेलं, की एक दिवस संध्याकाळच्या प्रार्थनेत मी नेहमीची वाक्यं म्हणत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी उद्याच्या भाजीचा विचार करते आहे, आणि वाक्यं आपोआप चालली आहेत. दुसऱ्या दिवशी लक्ष देऊन म्हटली, तर ती आणखीच पोकळ वाटली. तेव्हा गल्लीगल्लीत फोनचे बूथ निघाले होते. तिथून तुमच्या बाबांना फोन लावावा आणि पलीकडे नुसती घंटा वाजत राहावी, तसं. फरक एवढाच, की बाबा घरी नाहीत हे बूथमध्ये कळायचं. इथे तेही कळत नव्हतं. ज्या अंगणात हा माणूस देवाचंच काम करत उभा होता, तिथेच त्याचा पाय भाजला, हे मला बाजूला सारता येत नव्हतं. मी कोणाला बोलले नाही. चिटणीसबाईंनी काय बोलायचं?

आता चिठ्ठ्यांचं सांगते. आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत प्रत्येकाला एक वचन मिळतं. चर्चचे पाळक बायबलातून वचनं निवडून देतात, ती छोट्या कार्डांवर लिहितात, आणि तबकात पालथी घालून तबक फिरवतात. ज्याने त्याने एक उचलायची. जे येईल ते देवाने त्याला वर्षभरासाठी दिलेलं वचन. लोक ती चिठ्ठी चौकटीत लावतात, पाकिटात ठेवतात, दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवतात. कार्डं कापून त्यांवर लिहिण्याचं काम माझं होतं. तबक मात्र दरवर्षी पाळकांच्या पत्नी फिरवत. त्या वर्षी त्या मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, म्हणून तबक माझ्या हातात आलं.

लिहिताना एक वचन आलं. चालण्याबद्दलचं, चालून न दमण्याबद्दलचं. ते कार्ड मी गठ्ठ्यात ठेवलं नाही. बाजूला काढलं. मी तेव्हा स्वतःला म्हटलं, यात काय वाईट? माणूस डिसेंबरभर खुर्चीत बसून आहे, हसत नाही, लिलावातले विनोद आठवून सांगितले तर तोंड फिरवतो. त्याला थोडा धीर मिळेल. देव देणार असेल तर हेच देईल ना! खरं सांगायचं तर देव देईल असं मला वाटतच नव्हतं. वाटलं असतं तर कार्ड गठ्ठ्यात राहिलं असतं.

आमच्या देवळात बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसतात. मी बायकांची बाजू संपवली, पुरुषांकडे आले. आजोबांच्या बाकाशी येण्याआधी ते कार्ड हाताखालून वर घेतलं, इतरांपेक्षा जरा बाहेर काढून अंगठ्याने दाबून धरलं आणि तबक असं वळवलं की त्यांची बोटं तिथेच पडावीत. पडली. चाळीस वर्षं ज्याला जेवायला वाढलं त्याचा हात कुठे जाईल हे मला कळत होतं.

त्यांनी ते उलटून वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. त्यानंतर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. मी पुढच्या बाकाकडे गेले.

घरी आल्यावर ते दोन महिन्यांनी पोटभर जेवले. वन्संनी पायसम केलं होतं, त्यातलं चमचाभर मागून घेतलं. वन्सं म्हणाल्या, “चिठ्ठीत साखर बरी झाली असंही लिहिलंय वाटतं!” आणि ते खो खो हसले. त्या दुपारी मला वाटलं, मी बरोबरच केलं.

चौथ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. नवीनच निघालेला खासगी दवाखाना होता, पूर्वी तिथे भाताच्या पोत्यांचं गोदाम होतं. तरुण सर्जन होता. त्याने पट्टी सोडली, बोटं दाबून पाहिली, आणि हात धुऊन सरळच सांगितलं, “दोन बोटं गेलेली आहेत. ती याच आठवड्यात काढली तर पाय वाचेल. थांबलात तर मी बोटांवर थांबू शकणार नाही.”

आजोबा शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, काढायची गरज नाही. मला वचन मिळालंय.”

“कोणी दिलं?”

आजोबांनी खिशातून चिठ्ठी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने ती वाचली. तो स्वतः हिंदू होता. चिठ्ठी दोन्ही हातांनी परत देत तो म्हणाला, “सर, हे छान आहे. पण यात बोटांबद्दल काही नाही.” मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “मॅडम, तुम्ही सांगा ना.”

तुम्ही सांगा ना! मी पर्सची चेन उघडत होते आणि लावत होते.

त्या रविवारी आजोबांनी देवळात उभं राहून साक्ष दिली. मी डावीकडे बसले होते आणि त्यांचा आवाज उजवीकडून येत होता. डॉक्टर कापायचं म्हणतात, पण प्रभूने मला चालण्याचं वचन दिलंय आणि मी त्याच्या शब्दावर उभा आहे, असं ते म्हणाले. मंडळी “स्तोत्रम, स्तोत्रम” म्हणत देवाची स्तुती करत होती. बाहेर पडताना एका बाईने माझा हात धरला आणि स्वतःच्या मुलासाठी प्रार्थना करायला सांगितलं, कारण तुमच्या घराकडे देवाचं लक्ष आहे, असं ती म्हणाली. मी तिला हो म्हटलं.

मंगळवारी मी बूथवर जाऊन तुमच्या बाबांना फोन लावला. त्यांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. मागे चारजण रांगेत उभे होते. बाबा म्हणाले, “आई, पाय कसा आहे?” मी म्हटलं, “तसाच.” ते म्हणाले, “आप्पांना म्हणावं, डॉक्टरांचं ऐका.” मी म्हटलं, “सांगते.” आणि फोन ठेवला.

बुधवारी मी पाळकांकडे गेले. वयाने माझ्याहून लहान, पण त्यांना सगळे अय्याच म्हणायचे. त्यांच्या पत्नी अजून मुलीकडे असल्यामुळे ते स्वतःच चहा करत होते आणि दूध उतू गेलं होतं. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांनी शेगडी बंद केली, फडक्याने पुसायला घेतलं आणि बराच वेळ पुसतच राहिले.

“अय्या, तुम्ही त्यांना सांगा,” मी म्हणाले. “तुमचं ते ऐकतील.”

“काय सांगू, अम्मा? वचन खोटं आहे म्हणून? वचन खोटं नाही.”

“चिठ्ठी खोटी आहे.”

“ते तुम्हीच सांगायला हवं. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी डॉक्टरच्या बाजूने बोलतोय.” मग ते म्हणाले, “रविवारी त्यांची साक्ष ऐकून मला वाटलं होतं, माझ्यात एवढा विश्वास असता तर! आता मला काय वाटावं तेच कळत नाही.” त्यांनी प्रार्थना करू का विचारलं. मी नको म्हटलं. त्यांना बरंच वाटलं असावं. आम्ही दोघांनी बिनदुधाचा चहा घेतला.

तरीही मी गुरुवारी सांगितलं नाही. शुक्रवारीही नाही. हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही. सकाळी पट्टी बदलताना करंगळीजवळ काळं झालेलं दिसे, आणि आजोबा वर पंख्याकडे बघत विचारत, “आज बरं दिसतंय ना गं?” मी म्हणे, “बघू या.” पाय वाचवायचा तर त्यांचा देव काढून घ्यायचा, आणि देव ठेवायचा तर पाय जाऊ द्यायचा. आणि ज्या देवाला मी विचारावं, “मी काय करू?”, त्याच्याशी माझं बोलणं बंद होतं. मी वहीत रंग मात्र बरोबर लिहीत होते.

शनिवारी त्यांना थंडी वाजून ताप भरला. दुपारी मी त्यांच्या पलंगापाशी स्टूल ओढून बसले.

“अहो, ती चिठ्ठी तुमच्या हातात मी दिली.”

“हो, तबक तुझ्याच हातात होतं.”

“तसं नाही. मी ती वेगळी काढून ठेवली होती. तुमच्यापाशी आल्यावर पुढे केली. तुम्ही उचलली नाहीत. मी उचलायला लावली.”

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांकडे केबलवर क्रिकेट चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

मग त्यांनी विचारलं, “मग माझी कुठली होती?”

“काय?”

“माझी. जी यायची होती ती. ती कुठली?”

“मला नाही माहीत.”

“ती दुसऱ्या कोणीतरी नेली.”

“हो.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने म्हणाले, “पाय जायचा असता तर गेला असता. तू मला एकटं पाडलंस.” मी त्यांच्या पांघरुणाची घडी सरळ केली. त्यांनी ती पायाने, त्याच पायाने, बाजूला ढकलली.

वन्सं दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मला काही बोलल्या नाहीत. आयुष्यात एवढा एकच प्रसंग. त्यांनी रिक्षा आणवली.

सर्जनने पाहिलं आणि नुसती मान हलवली. बोटांची गोष्ट आठ दिवसांपूर्वीची होती. आता पाय गुडघ्याखाली काढावा लागणार होता. कागदावर सही मी केली, कारण आजोबा म्हणाले, “तीच करेल. तिला सगळं नीट जमतं.” आत नेण्यापूर्वी नर्सने विचारलं, प्रार्थना करायची का? आमच्याकडे पाहून तिला वाटलं असेल, ही देवळातली माणसं आहेत. आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, “मला येत नाही.” तेव्हा ते म्हणाले, “मलाही नाही.” आणि चाकांची खाट आत गेली. दोन तास मी बाकावर बसले होते. समोरच्या भिंतीवर रंगीत जाहिरात होती, निळ्या पाण्यात उडी मारणाऱ्या एका मुलाची. कशाची जाहिरात होती ते आठवत नाही. मी काहीही मागितलं नाही. कोणाकडे मागायचं ते माहीत नव्हतं, आणि मागण्याचा हक्क माझा राहिला नव्हता.

घरी आल्यावर सहा आठवडे ते माझ्याशी कामापुरतं बोलले. पाणी. उशी. उठव. संध्याकाळची प्रार्थना वन्सं एकट्याच म्हणत. त्यांचा सूर कधीच लागत नसे, तरी गीताची दोन्ही कडवी पूर्ण म्हणत. मी स्वयंपाकघरात भांडी लावत ऐके.

मार्चमध्ये एका रविवारी त्यांनी पांढरा शर्ट मागितला. देवळाला पाच पायऱ्या आहेत. चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. ज्यांच्यासमोर उभं राहून साक्ष दिली होती त्याच लोकांसमोरून, रिकाम्या धोतरासकट. कोणाला कुठे बघावं ते कळत नव्हतं. घरी आल्यावर मी विचारलं, “कशाला गेलात?”

“घरी बसून त्याच्यावर नीट रागावता येत नाही,” ते म्हणाले.

पाय काढल्यानंतर माझ्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

थोरली, आता तू विचारशील, की मग विश्वास परत कसा आला. परत आला असं मी म्हणणार नाही. जो गेला तो विश्वास परत आलाच नाही. तो चिटणीसबाईंचा होता, त्याची कार्डं एका मापात कापलेली होती. त्याच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं हे मला अजून कळलेलं नाही, पण त्याची सुरुवात कुठे झाली ते सांगू शकते.

त्याच आठवड्यात वन्संचा घसा बसला. दिवेलागणीला त्या पुस्तक घेऊन आल्या, तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून बसल्या. मी म्हणाले, “मी नाही म्हणणार. माझ्या तोंडून ते शोभत नाही.”

आजोबा खुर्चीतून म्हणाले, “म्हण. मनानेच म्हण, पुस्तक नको. खोटं वाटलं की मी थांबवीन.”

मला वाटलं, ते मला शिक्षा करत आहेत. असेलही. मी तमिळमध्ये सुरुवात केली, तर ते म्हणाले, “मराठीत. तमिळमध्ये तुला खोटं फार सफाईने येतं.” मी डोळे मिटले. म्हणाले, “हे प्रभू, आजच्या दिवसासाठी आम्ही तुझे आभार मानतो.”

“थांब,” ते म्हणाले. “मानतेस?”

“नाही.”

“पुढे.”

मी म्हणाले, “जे झालं ते तुझ्या इच्छेने झालं.”

“थांब. ते तुझ्या इच्छेने झालं.”

वन्संनी बसलेल्या घशातून काहीतरी आवाज काढला. रडत होत्या की हसत होत्या कोण जाणे. तोंडात एकही वाक्य उरलं नव्हतं. लहानपणापासून पाठ केलेली सगळी वाक्यं एकेक करून पुढे आली आणि मी ती एकेक करून परत पाठवली. शेवटी म्हणाले, “आमच्या हातात काही नाही. आम्हाला काही कळत नाही. तू असलास तर आमच्यापाशी बस.”

मी थांबले. ते थांबवतील म्हणून वाट पाहिली. त्यांनी थांबवलं नाही. डोळे उघडले तर ते खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर उताणा पडलेला होता. मी त्यात माझा हात ठेवला नाही. तेवढी माझी हिंमत नव्हती, आणि त्यांनीही तो मागितला नाही.

वन्सं खुणेने विचारत होत्या, संपली का? भात निवत होता.